पाच सेंटांची कॉफी

इतिहासाच्या व्याख्यानासाठी कॉफीच्या कपाचा विषय घेतलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटेल, हे आम्ही जाणून आहो. लढाया, तह, राज्यक्रांत्या आणि थोर पुरुष यांच्या गर्दीत या कपाला जागा कोठली, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की, सामान्य माणूस कोठे बसतो, कोणाच्या शेजारी बसतो आणि त्या बसण्याचे किती दाम मोजतो, हाही इतिहासाचाच भाग होय. अमेरिकेच्या लहान गावांतील ‘डायनर’ नावाच्या उपाहारगृहांत मिळणारी स्वस्त कॉफी ही अशाच इतिहासाची एक खूण आहे. ती इतकी स्वस्त कशी झाली, तिच्याभोवती जी गोडी जमली ती कशाची, आणि त्या स्वस्ताईची किंमत अखेर कोणी भरली, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम डायनर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे खाणावळ वेगळी, चहाचे दुकान वेगळे आणि इराण्याचे हॉटेल वेगळे. डायनरमध्ये या तिहींचा थोडथोडा अंश आहे. रेल्वेच्या डब्यासारखी लांब, अरुंद खोली. तिच्या एका अंगाला आडवा लांबलचक काउंटर. काउंटरपुढे जमिनीत पक्की रोवलेली गोल फिरती स्टुले. पलीकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत अंडी आणि बटाटे परतले जाणारा तवा. दुकान भल्या पहाटे उघडते. गिऱ्हाईक बसले की बहुधा खाण्याचे विचारण्याआधीच त्याच्यापुढे जाड पांढरा मग येतो आणि त्यात कॉफी ओतली जाते. मग अर्धा झाला की वाढणारी बाई काचेचे भांडे घेऊन फिरत येते आणि न मागता तो पुन्हा भरते. या दुसऱ्या-तिसऱ्या भरतीचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर वर्तमानपत्र वाचीत बसण्याची मुभा असे, हे आपणांस ठाऊक आहे. पण दुसरा चहा मागवला तर त्याचे पैसे पडतच. डायनरने त्याच्याही पुढची पायरी गाठली.

या संस्थेचा उगम लहान गावात नव्हे, तर गिरण्या-कारखान्यांच्या शहरांत झाला. १८७२ साली ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोड्याची एक मालगाडी घेतली आणि रात्री एका वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर ती उभी करून तीतून पाव, उकडलेली अंडी, पाय आणि कॉफी विकण्यास आरंभ केला. रात्रपाळीचे छापखानेवाले हे त्याचे पहिले आश्रयदाते. त्या काळी उपाहारगृहे संध्याकाळीच बंद होत. रात्री काम करणाऱ्याला दारूच्या गुत्त्याखेरीज उघडे दार सापडत नसे. स्कॉटच्या गाडीशी गिऱ्हाइकाला पावसापाण्यात बाहेर उभे राहावे लागे. पंधरा वर्षांनी, १८८७ साली, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात सॅम्युएल जोन्स याने आत शिरून उभे राहता येईल अशी गाडी बांधून घेतली, आणि १८९१ साली त्याच शहरातील चार्ल्स पामर याने अशा गाडीच्या रचनेचे पेटंट मिळवले. व्यसनमुक्तीचा प्रचार करणाऱ्यांनाही या गाड्यांचे महत्त्व लगेच पटले. न्यूयॉर्कमध्ये १८९३ पासून चर्चच्या मद्यपाननिषेधक मंडळाने स्वतःच अशा गाड्या चालवल्या. गुत्त्यात पेल्याबरोबर फुकट खाणे मिळे. त्याला तोड म्हणून स्वस्त खाणे आणि गरम कॉफी पुढे करावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पुढे या गाड्यांची चाके थांबली. शहरांच्या नगरपालिकांनी रस्त्यावर उभे राहण्याच्या वेळा बांधून दिल्या, तेव्हा मालकांनी गाड्या एखाद्या रिकाम्या जागेत कायमच्या उभ्या केल्या. १९०६ साली वूस्टर येथे फराळगाड्या बांधणारी कंपनी निघाली. तिने १९५७ पर्यंत सुमारे साडेसहाशे डायनर बांधले. न्यू जर्सीत जेरी ओमहोनी याने १९१३ पासून हाच धंदा मोठ्या प्रमाणावर केला. आगगाडीच्या भोजनाच्या डब्याला ‘डायनिंग कार’ म्हणत. त्यावरूनच ‘डायनर’ हा आखूड शब्द विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ झाला. डायनर म्हणजे आगगाडीचे जुने डबेच, असा समज पुष्कळांचा आहे. काही ठिकाणी जुन्या ट्रामगाड्या वापरल्या गेल्या हे खरे. परंतु बहुतेक डायनर मुळापासून डायनर म्हणूनच कारखान्यात बांधले गेले आणि तयार स्थितीत गावोगाव रवाना झाले.

कॉफीच्या स्वस्ताईचे पहिले कारण येथे सापडते. जागा लागे ती चिंचोळी. इमारत कारखान्यातून आयती येई, आणि तिचे पैसे हप्त्यांनी फेडण्याची सोय असे. स्वयंपाकघर, भटारखाना आणि दिवाणखाना एकाच डब्यात असल्यामुळे एक पुरुष आणि एक बाई मिळून सारे दुकान चालवू शकत. नवराबायकोने चालवलेला डायनर हा म्हणूनच लहान गावात सर्रास दिसे. टेबलावर पांढरी चादर नाही, दाराशी शिपाई नाही, गालिचे नाहीत. मग कपाच्या किमतीत त्यांचा खर्च घालण्याचेही कारण नाही.

आता कॉफीकडे वळू. अमेरिकन मनुष्य चहा सोडून कॉफीकडे वळला तो १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात टाकला गेला तेव्हापासून, असे सांगण्याची रीत आहे. त्यात तथ्य आहे. परंतु एका रात्रीच्या रागाने राष्ट्राची सवय कायमची बदलत नाही. ती सवय घट्ट केली १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने. उत्तरेच्या सैन्यात दर शंभर शिध्यांमागे दहा पौंड कच्ची किंवा आठ पौंड भाजलेली कॉफी देण्याचा नियम होता. शिपाई बंदुकीच्या दस्त्याने दाणे कुटीत आणि डब्यात पाणी उकळून ती पीत. लढाई संपल्यावर लक्षावधी माणसे ही तलफ घेऊन आपापल्या खेड्यात परतली. त्याच सुमारास जॉन आर्बकल या व्यापाऱ्याने भाजलेली कॉफी एकेका पौंडाच्या कागदी पुड्यांतून विकण्यास आरंभ केला, त्यामुळे घरी दाणे भाजण्याचा त्रास वाचला. आणि १८७२ साली, म्हणजे स्कॉटची गाडी प्रॉव्हिडन्सच्या रस्त्यावर उभी राहिली त्याच वर्षी, अमेरिकन सरकारने कॉफीवरील आयात जकात उठवली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु दोहोंचे फळ एकाच कपात पडले.

दाणे येत ते मुख्यतः ब्राझीलमधून. येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली ती १८८८ साली. अर्थात, यादवी युद्धात जो शिपाई गुलामगिरी मोडण्यासाठी लढत होता, त्याच्या डब्यातील कॉफी बहुतांशी गुलामांच्याच हातांनी तोडलेली होती. १८८८ नंतर इटलीतून आणलेले मजूर साओ पावलोच्या मळ्यांत राबू लागले. त्यांचीही स्थिती कर्जात बुडालेल्या कुळासारखीच होती. स्वस्त कपाच्या जमाखर्चातील पहिली नोंद ही आहे.

डायनरमधील कपाची किंमत पाच सेंट, म्हणजे ‘निकेल’ नावाचे एक नाणे. हे नाणे १८६६ पासून चलनात होते. गिऱ्हाइकाच्या मनात कॉफी आणि निकेल यांची अशी गाठ पडली की दुकानदाराला ती सोडवता येईना. फिलाडेल्फियात १९०२ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली हॉर्न आणि हार्डार्ट यांच्या यांत्रिक उपाहारगृहांत फटीत निकेल टाकताच डॉल्फिन माशाच्या तोंडातून कॉफी वाहू लागे. तेथे तर किंमत यंत्रातच बसवलेली होती. आम्ही श्रोत्यांपुढे एक ढोबळ हिशेब मांडतो. एका पौंडात सुमारे पन्नास कप होतात. १९३० नंतरच्या मंदीत कच्च्या कॉफीचा घाऊक भाव पौंडाला दहा सेंटांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली होता. भाजताना होणारी घट धरली तरी एका कपातील दाण्याची किंमत पाव सेंटाहून फारशी जास्त भरत नाही. पाच सेंटांत पाव सेंट दाण्याचा. बाकीचे पावणेपाच सेंट दूध, साखर, सरपण, भाडे, मजुरी आणि नफा यांचे. कॉफी स्वस्त होती ती दुकानदार उदार होता म्हणून नव्हे, तर दाणा कवडीमोल झाला होता म्हणून.

तो किती कवडीमोल झाला होता, याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. १९३१ ते १९४४ या काळात ब्राझील सरकारने भाव सावरण्यासाठी सुमारे ७ कोटी ८० लक्ष पोती कॉफी नष्ट केली. पुष्कळशी जाळली, काही समुद्रात लोटली. याच पडत्या भावाचा धक्का आपल्या म्हैसूर-कूर्गच्या मळ्यांनाही बसला. देशात खप वाढवावा म्हणून १९३५ साली कॉफीवरील उपकराचा कायदा झाला आणि त्या पैशातून १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डाने ही गृहे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने नोकरांनीच सहकारी संस्था काढून ती चालवण्यास घेतली. फेटा आणि पट्टा बांधलेल्या वाढप्याच्या हातची ती कॉफी आणि अमेरिकन खेड्यातील पाच सेंटांची कॉफी ही दोन्ही एकाच मंदीची अपत्ये आहेत. मात्र आपल्याकडे स्वस्त कपाचा प्रश्न नोकरांनी मालक होऊन सोडवला, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

दुसऱ्या महायुद्धाने डायनरच्या कॉफीला तिची आजची चव दिली. २९ नोव्हेंबर १९४२ पासून अमेरिकेत कॉफीचे रेशन सुरू झाले: पंधरा वर्षांवरील प्रत्येकास पाच आठवड्यांना एक पौंड. जुलै १९४३ मध्ये ते उठले. पण त्या आठ महिन्यांत एका पौंडात चाळीसऐवजी साठ आणि त्याहून अधिक कप काढण्याची जी युक्ती अंगवळणी पडली, ती रेशनबरोबर गेली नाही. अमेरिकन डायनरची कॉफी पातळ असते, ही पाहुण्यांची तक्रार खरी आहे; आणि ती फुकट भरून दिली जाते याचे एक कारणही तेच आहे. जाड मगही युद्धाचीच देणगी. न्यूयॉर्क संस्थानातील व्हिक्टर गावी विजेच्या तारांसाठी चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणारा एक कारखाना होता. त्याने आरमारासाठी न कलंडणारे जाडजूड मग केले. युद्धानंतर त्यांना कान जोडून ते उपाहारगृहांत आले. जाड बुडामुळे कॉफी बराच वेळ गरम राहते, आणि मग दिसतो त्यापेक्षा त्यात मावते कमी. दुकानदाराच्या दृष्टीने दोन्ही गुण सारखेच उपयोगी.

युद्धानंतर निकेलचा कप टिकला नाही. १९४६ साली भावनियंत्रण उठले आणि कच्च्या मालाचे भाव चढत गेले. १९५० साली हॉर्न आणि हार्डार्ट यांनीही आपला कप दहा सेंटांचा केला. कॉफी महागली याची चौकशी करण्यासाठी त्याच सुमारास अमेरिकन सिनेटने सभासद जिलेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. सामान्य माणसाच्या कपाला राज्यसभेत केवढे वजन होते हे यावरून दिसते. ज्या देशांत कॉफी पिकते त्यांना मात्र ही चौकशी झोंबली. वर्षानुवर्षे भाव पडलेला असताना कोणी चौकशी केली नाही आणि चार पैसे मिळू लागताच आम्ही चोर ठरलो, हा त्यांचा सवाल होता. तो गैर होता असे आम्हांस वाटत नाही.

येथवर किमतीचा विचार झाला. आता गोडीचा. ती कॉफीच्या चवीत नाही, हे डायनरचे भक्तही कबूल करतील. ती संगतीत आहे. लहान गावात पहाटे पाच-सहाच्या सुमारास शेतकरी, ट्रक हाकणारे, शाळेचा शिपाई, बँकेचा कारकून आणि गावचा डॉक्टर एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून बसतात. पाऊस, मक्याचा भाव, शाळेच्या फुटबॉलचा सामना आणि कोणाच्या घरी काय झाले, या साऱ्याची देवाणघेवाण तेथे होते. काही गावांत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग नावानिशी खुंटीवर टांगलेले असतात. काही ठिकाणी आज सर्वांचे पैसे कोणी द्यायचे ते फासे टाकून ठरते. आपल्याकडे पारावर किंवा न्हाव्याच्या दुकानात जे चालते तेच हे. राजकारणी लोकांनीही हे मर्म ओळखले आहे. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरात १९२२ साली निघालेल्या ‘रेड ॲरो’ डायनरच्या स्टुलावर बसून कॉफी पिणे हा अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा नेमच होऊन बसला आहे.

परंतु या समतेला कुंपण होते. आरंभी डायनर ही पुरुषांची जागा होती. सभ्य बाईने स्टुलावर बसणे शोभत नाही अशी समजूत होती. १९२० नंतर मालकांनी बाकांची आणि टेबलांची सोय केली, फुलांच्या कुंड्या ठेवल्या आणि ‘स्त्रियांचे स्वागत आहे’ अशा पाट्या लावल्या, तेव्हा कोठे बायका येऊ लागल्या. दुसरे कुंपण वर्णाचे, आणि ते फार उंच होते. दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या माणसाला काउंटरवरून पुडके बांधून मिळे, पण बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी, मॅकनील, मॅककेन, ब्लेअर आणि रिचमंड, वुलवर्थच्या दुकानातील फराळाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानात त्यांनी नुकतेच किरकोळ सामान विकत घेतले होते. त्यांचे पैसे दुकानाला चालत होते, त्यांचे बसणे चालत नव्हते. कॉफी मिळाली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी अधिक मित्र घेऊन आले. हे लोण दोन महिन्यांत दक्षिणेतील अनेक शहरांत पसरले. २५ जुलै १९६० रोजी त्या काउंटरने हार मानली, आणि १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने अशी बंदी सर्व देशात बेकायदा ठरली. महाडचे चवदार तळे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या कपाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न पाण्याचाही नव्हता आणि कॉफीचाही नव्हता.

स्वस्त कपाच्या जमाखर्चात आणखी एक नाव आहे: वाढणाऱ्या बाईचे. तिचा पगार बव्हंशी गिऱ्हाइकाच्या बक्षिशीवर सोडलेला असतो. १९६६ साली अमेरिकन कायद्याने उपाहारगृहांतील नोकरांना किमान वेतनाच्या कक्षेत आणले, पण बक्षिशीची रक्कम त्यातून वळती करण्याची मुभा मालकाला दिली. मध्यवर्ती सरकारने ठरवलेले रोख वेतनाचे किमान प्रमाण १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढेच आहे. बक्षीस धरून एकूण वेतन सर्वसाधारण किमान वेतनाइतके भरले पाहिजे अशी अट आहे, आणि काही संस्थानांनी याहून पुष्कळ चांगले दर ठरवले आहेत. तरीही मूळ आकडा हलला नाही. जी बाई आपला मग चार वेळा फुकट भरते, तिच्या चार खेपांचे पैसे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतात. आपल्या कॉफी हाउसांतील नोकरांनी मालक होऊन काय टाळले, ते यावरून समजेल.

मळेवाल्याचे नशीब तर गारठ्यावर आणि करारांवर हेलकावत राहिले. १९५३ आणि १९७५ साली ब्राझीलमध्ये हिमकडाका पडला आणि दोन्ही वेळा जगभर भाव भडकले. १९७७ साली पौंडाचा घाऊक भाव तीन डॉलरच्या वर गेला. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्रत्येक देशाला निर्यातीचे प्रमाण ठरवून देण्यात आले होते. १९८९ साली ती व्यवस्था मोडली, भाव कोसळला, आणि २००१ साली तो पौंडाला पन्नास सेंटांच्याही खाली आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच चार डॉलरच्या वर चढला. आता पूर्वीचाच हिशेब पुन्हा करून पाहावा. चार डॉलर भावाने एका कपात दाणा पडतो दहा सेंटांचा, आणि डायनरमधला कप आज दोन-तीन डॉलरला मिळतो. मंदीच्या काळात पाच सेंटांत पाव सेंट, आज अडीच डॉलरांत दहा सेंट: शेकडा पाच आणि शेकडा चार. मधल्या नव्वद वर्षांत जगात काय काय उलथापालथ झाली, पण कपातील पिकवणाऱ्याचा वाटा जवळपास होता तेथेच राहिला.

पाच सेंटांची कॉफी मात्र अगदीच नाहीशी झाली नाही. साउथ डाकोटा संस्थानात वॉल नावाचे हजार वस्तीचेही नसलेले गाव आहे. तेथील औषधांचे दुकान टेड आणि डॉरोथी हस्टेड या दांपत्याने १९३१ साली घेतले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांनी रस्त्यावर ‘थंड पाणी फुकट’ अशा पाट्या लावल्या, आणि तहानलेले प्रवासी वळू लागले. आज ते दुकान अवाढव्य झाले आहे आणि तेथे पाच सेंटांत कॉफी देण्याचा परिपाठ चालू आहे. उघडच आहे की, पाच सेंटांत आता कॉफी परवडत नाही. ती आमंत्रणाची पाटी आहे, धंदा इतर मालावर होतो. पण माणसे त्या पाटीसाठी वाट वाकडी करतात, यावरून त्या किमतीची आठवण लोकांच्या मनात किती खोल आहे ते दिसते.

तेव्हा डायनरच्या कॉफीचा मोह खोटा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. थोडक्या पैशात तासभर बसावे, कोणी उठवू नये, शेजारी कोण बसला आहे याची पर्वा नसावी, ही गावाची खरी गरज आहे. जेथे ती भागते तेथे गाव अधिक एकजीव राहते. अमेरिकन डायनरने ती गरज चांगली ओळखली. परंतु तो कप स्वस्त करण्यासाठी मळ्यातील मजूर, काउंटरमागची बाई आणि दाराबाहेर ठेवलेला माणूस या तिघांनी आपापला हिस्सा भरला. त्यांपैकी तिसऱ्याने आपला हिस्सा १९६० साली स्टुलावर बसून परत मागितला आणि मिळवला. पहिल्या दोघांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. दाण्याचा वाटा दुप्पट केला तरी अडीच डॉलरांचा कप दहा सेंटांनीच महाग होईल. इतकी ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या आवाक्यातील आहे. मात्र ते जास्तीचे दहा सेंट खरोखर मळ्यापर्यंत पोचतील अशी व्यवस्था लागते, आणि ती एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाच्या भलेपणाने होत नाही. त्यासाठी करार लागतात, कायदे लागतात, आणि आपल्या कॉफी हाउसांनी दाखवल्याप्रमाणे राबणाऱ्यांची एकजूट लागते. स्वस्त कप हवा, पण तो कोणाच्या जिवावर स्वस्त नसावा, एवढेच आमचे मागणे आहे. ते मागणे श्रोत्यांपुढे ठेवून आम्ही हा विषय येथे संपवतो.